न्यायालयाचा खर्च आणि समाजाचें देणें

कोणत्याही तालुक्याच्या गांवीं नवें न्यायालय व्हावें अशी मागणी निघाली म्हणजे तिच्या पाठोपाठ एक प्रश्न हटकून येतो: एवढा खर्च कशासाठीं? न्यायाधीश नेमावयाचा तर त्यास वेतन हवें, राहावयास घर हवें. नाझर, लघुलेखक, लेखनिक, बेलिफ, शिपाई हवेत. दप्तर ठेवण्यास कोरडी जागा हवी, वकिलांस व पक्षकारांस टेंकावयास चार बांकें हवींत. आणि हा सारा खर्च एकदां करून मोकळें होतां येत नाहीं, तो दरसालचा होऊन बसतो. जिल्ह्याच्या गांवीं न्यायालय आहेच, तेथें जावयास एस्‌. टी.ची गाडी आहे; मग सरकारी तिजोरीवर हा नवा बोजा घालण्याचें प्रयोजन काय, असें विचारणारे लोक न्यायाचे वैरी असतात असें मुळींच नाहीं. ज्या गृहस्थास स्वतःच्या घरचा पैसा जपून खर्चावा लागतो, त्यास सरकारनेंही तो तसाच खर्चावा असें वाटणें स्वाभाविक आहे. तेव्हां या प्रश्नास न्यायदेवतेचें स्तोत्र गाऊन उत्तर देतां येणार नाहीं. हिशेबाच्या प्रश्नास हिशेबानेंच उत्तर दिलें पाहिजे. मात्र तो हिशेब पुरा असावा, अर्धा नसावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

उदाहरणादाखल ग्रामन्यायालयांची हकीकत घेऊं. विधि आयोगानें १९८६ सालीं आपल्या ११४ व्या अहवालांत खेड्यांसाठीं निराळ्या न्यायालयांची कल्पना मांडली. संसदेनें २००८ सालीं त्याविषयीं कायदा केला, आणि तो २ ऑक्टोबर २००९ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, अमलांत आला. मधल्या पातळीवरील पंचायतीसाठीं, म्हणजे आपल्याकडील भाषेंत सांगावयाचें तर पंचायत समितीच्या क्षेत्रासाठीं, किंवा लगतच्या कांहीं पंचायतींच्या समूहासाठीं असें एक न्यायालय असावें. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेचा 'न्यायाधिकारी' तेथें नेमावा. त्यानें वेळोवेळीं खेड्यांत स्वतः जाऊन न्यायासन मांडावें. लहानसहान दिवाणी व फौजदारी प्रकरणें तेथें चालावींत. दिवाणी अर्जाची फी शंभर रुपयांहून अधिक असूं नये. आधीं समेटाचा यत्न व्हावा, आणि दिवाणी वाद सहा महिन्यांच्या आंत निकालांत निघावा, अशी त्या कायद्याची आंखणी आहे. देशांत अशीं पांच हजारांवर न्यायालयें उभीं राहतील अशी अपेक्षा होती. पंधरा वर्षें लोटल्यावर पाहावें तों प्रत्यक्ष कामकाज चालू असलेल्यांची संख्या तीनशेंच्या आसपासच घोटाळत राहिलेली!

असें कां झालें याचीं कारणें सरकारी उत्तरांत वेळोवेळीं आलेलीं आहेत. पोलिसांनीं व इतर अधिकाऱ्यांनीं या न्यायालयांकडे वळण्याची नाखुषी, वकीलवर्गाचा थंडपणा, नोटरी व मुद्रांकविक्रेते जवळ नसणें, आणि नेहमींच्या न्यायालयांसही तोच अधिकार असणें हीं त्यांपैकीं कांहीं होत. परंतु या सर्वांच्या मुळाशीं पैशाचा प्रश्न होताच. केंद्र सरकारनें दर न्यायालयामागें एकरकमी १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊं केलें: इमारतीस १० लाख, वाहनास ५ लाख आणि कचेरीच्या सामानास ३ लाख. चालू खर्चापैकीं निम्मा वांटा केंद्रानें उचलावयाचा, परंतु तो पहिलीं तीन वर्षें आणि तोही वर्षास ३ लाख २० हजार रुपयांच्या मर्यादेंत. म्हणजे वर्षाचा एकंदर चालू खर्च ६ लाख ४० हजारांत बसेल असें गृहीत धरलें होतें. आतां आजची स्थिति पाहा. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या श्रेणीप्रमाणें दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, याचें आरंभींचें मूळ वेतनच दरमहा ७७,८४० रुपये आहे. बारा महिन्यांचें तें ९ लाख ३४ हजारांवर जातें. भत्ते निराळे, नोकरवर्ग निराळा, वीज, कागद, गाडीचें तेल निराळें. आणि तीन वर्षें संपलीं कीं सारा भार राज्याच्याच शिरावर. अशा स्थितींत राज्य सरकारांनीं हात आंखडता घेतला यांत आश्चर्य मानण्याजोगें कांहीं नाहीं.

खर्चाच्या वहीचें हें एक पान झालें. तें खरें आहे, आणि जो कोणी नव्या न्यायालयाची मागणी करितो त्यानें तें वाचलेंच पाहिजे. पण त्या वहीस दुसरेंही एक पान असतें, आणि तें सरकारी दप्तरांत सांपडत नाहीं. तें पक्षकाराच्या खिशांत असतें.

बेंगळूर येथील 'दक्ष' या संस्थेनें २०१५-१६ मध्यें देशांतील अनेक जिल्ह्यांच्या न्यायालयांत येणाऱ्या पक्षकारांची पाहणी केली. दिवाणी दाव्यांतील पक्षकारास न्यायालयांत हजर राहण्याच्या दर दिवसास सरासरी ४९७ रुपये पदरचे खर्चावे लागतात आणि शिवाय ८४४ रुपयांची मिळकत बुडते, असा अंदाज त्या पाहणींत निघाला. वकिलाची फी यांत धरलेली नाहीं. हा आंकडा आतां जुना झाला. भाडें आणि मजुरी तेव्हांपासून वाढलेलीच आहेत. तरी तोच धरून आपण एक कल्पित पण असंभाव्य नव्हे असा हिशेब करूं. एखाद्या तालुक्यांतील एक हजार प्रकरणें दूरच्या गांवीं चालतात असें समजा. प्रत्येकांत निदान दोन पक्षकार, आणि प्रत्येकाच्या वर्षाकांठीं सहा तारखा. म्हणजे वर्षास बारा हजार खेपा झाल्या. न्यायालय जवळ आल्यानें यांतील सारा खर्च वांचेल असें नाहीं. पण दर खेपेस पांचशें रुपये वांचले तरी ती रक्कम ६० लाखांची होते. ही रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकांत दाखविलेली नसते, तिच्यावर विधिमंडळांत कधीं चर्चा होत नाहीं, आणि तिची तपासणी करावयास कोणी हिशेबतपासनीसही येत नाहीं. पण ती दरसाल दिली जाते. आणि देणारे बहुधा असे असतात कीं ज्यांस एक दिवसाची मजुरी बुडणें म्हणजे त्या दिवसाची चूल थंडावणें.

यावरून जी गोष्ट निष्पन्न होते ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यायालय न काढल्यानें त्याचा खर्च वांचत नाहीं. तो तिजोरींतून उचलून रयतेच्या माथीं ठेवला जातो, एवढेंच. तिजोरींतून खर्च झाला असता तर तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें, थोडाथोडा, सर्वांवर वांटला गेला असता. रयतेच्या माथीं आला म्हणजे तो ज्याच्यावर आधींच संकट कोसळलें आहे अशा एकट्यावर पडतो, आणि श्रीमंत-गरीब असा भेद न करितां पडतो. बांधावरून भांडणाऱ्या जमीनदारास व त्याच्या शेजारच्या अर्ध्या एकराच्या कुळास गाडीचें भाडें सारखेंच पडतें. फरक इतकाच कीं एकास तें भाडें जाणवतही नाहीं आणि दुसरा तिसऱ्या तारखेस यावयाचा थांबतो. ज्यास आपण सार्वजनिक काटकसर म्हणतों ती पुष्कळदां दुबळ्यावर बसविलेला एक अघोषित कर असते.

हेंच गणित वरच्या न्यायालयांसही लागू पडतें. मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापूर येथें व्हावें यासाठीं तेथील वकील व नागरिक चार दशकांहून अधिक काळ खटपट करीत होते. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीं तें सुरू झालें. मधल्या चाळीस वर्षांत तिजोरीचा कांहीं खर्च टळला असेल. पण कोल्हापुराहून मुंबई सुमारें पावणेचारशें किलोमीटर. एवढ्या अंतराच्या रात्रीच्या गाड्या, मुंबईंतील मुक्काम, आणि 'आज प्रकरण बोर्डावर आलें नाहीं' एवढें ऐकून परत फिरणें, यांचा चाळीस वर्षांचा आंकडा कोणीं मांडला?

दूरचें न्यायालय नुसतें महाग असतें असेंही नाहीं. कधींकधीं तें अन्यायाचें हत्यार बनतें. याचा धडा महाराष्ट्रानें दीडशें वर्षांपूर्वींच घेतलेला आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला आणि त्याचें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. त्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांच्या जिवापेक्षां सावकाराच्या घरांतील खतांवर आणि कर्जरोख्यांवर होता. चौकशीसाठीं सरकारनें जें कमिशन नेमलें त्याच्या पुढें जीं कारणें आलीं, त्यांत दिवाणी न्यायालयांतून निघणारे एकतर्फी हुकूमनामे हें एक ठळक कारण होतें. सावकार दावा लावी. कुणबी तारखेस जाऊं शकत नसे, किंवा जाऊन उपयोग नाहीं असें समजून घरीं बसे. आणि न्यायासन जें समोर येई तेवढेंच ऐकून हुकूमनामा देई. कायदा दोघांनाही सारखाच होता, न्यायाधीशही लांच खाणारा होता असें नव्हे. पण एकास न्यायालय जवळ होतें आणि दुसऱ्यास तें दूर होतें, आणि तेवढ्यानें कायद्याची समता कागदावर राहिली.

यानंतर १८७९ सालीं जो दख्खनच्या शेतकऱ्यांस साहाय्य देणारा कायदा झाला, त्यांत न्याय रयतेच्या जवळ नेण्याचा एक यत्न होता. गांवमुनसफ नेमण्याची सोय झाली. दावा लावण्यापूर्वीं समेट घडवून आणणाऱ्या पंचांकडे जाण्याची पायरी ठेवली. न्यायाधीशानें प्रतिवादी शेतकऱ्याची जबानी घ्यावी आणि रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार काय होता तें पाहावें, अशी आज्ञा झाली. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. तो प्रयोग सर्वांशीं यशस्वी झाला असें म्हणतां येत नाहीं, आणि समेटाची ती पायरी पुढें काढूनही टाकण्यांत आली. पण त्यामागचें तत्त्व आजही खरें आहे: न्यायालय केवढ्या अंतरावर आहे हा सोयीगैरसोयीचा प्रश्न म्हणून सोडून देतां येत नाहीं, त्यावर न्यायाचा निर्णयच अवलंबून असतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मग पूर्वींची पंचायतच काय वाईट होती? गांवचें भांडण गांवांतच मिटत होतें, आणि सरकारास खर्चही पडत नव्हता. या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. मराठेशाहींत गोतसभा आणि पंचायत यांच्यापुढें निवाडे होत, आणि निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्यानें सरकारांत 'हरकी' व हरणाऱ्यानें 'गुन्हेगारी' भरावी अशी वहिवाट होती. म्हणजे न्यायदानानें राज्याचा खर्च होण्याऐवजीं कांहीं उत्पन्नच होई. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या पंचायतींचे दोष मोजून दाखविले, तरी त्यांच्यामुळें लोकांची मोठी सोय होत होती हेंही मान्य केलें. परंतु ती व्यवस्था स्वस्त होती म्हणून ती सर्वांनाच सुलभ होती असें समजणें चुकीचें होईल. गोतसभेंत बसणारे पाटील, कुळकर्णी व वतनदार हेच गांवांतील बलवानही असत. विधवेस, बलुतेदारास, गांवकुसाबाहेरच्या माणसास त्या सभेंत आपलें म्हणणें कितपत मांडतां येई हें सांगावयास नको. त्या न्यायाचाही खर्च होताच. तो दुबळ्यांनीं आपल्या मुकेपणाच्या रूपानें भरला. स्वतंत्र, वेतन घेणारा, बदलीस पात्र आणि अपिलास उत्तरदायी असा न्यायाधीश गांवाजवळ आणून बसविणें महाग पडतें. पण गांवाच्या दडपणापासून मोकळा असा न्याय विकत घ्यावयाचा तर एवढें मोल द्यावेंच लागतें.

हें मोल कोणीं द्यावें, या प्रश्नावर पाश्चात्य तत्त्वज्ञांतही जुना मतभेद आहे. ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, न्यायदानाचा लाभ साऱ्या समाजास होतो हें खरें. तथापि त्या खर्चाचें निमित्त जे होतात व ज्यांस न्यायालयाकडून प्रत्यक्ष दाद मिळते, त्यांनीं तो शुल्काच्या रूपानें भरणें गैर नाहीं. बेंथॅमनें थोड्याच वर्षांनीं न्यायावरील करांविरुद्ध एक स्वतंत्र निबंध लिहून याच्या नेमका उलट विचार मांडला. कायद्याचें संरक्षण ज्यास सर्वांत अधिक मिळतें तो मनुष्य न्यायालयांत कधीं जातच नाहीं. कायद्याच्या धाकानेंच त्याचें घर, शेत आणि पैसा सुरक्षित राहतो. न्यायालयांत जावें लागतें तें त्यास, कीं ज्याच्या बाबतींत तो धाक अपुरा पडला. तेव्हां जो निर्वेध सुख भोगतो त्यास फुकट, आणि ज्यावर संकट आलें त्यास मात्र शुल्क, हा न्याय कसला?

आम्हांस बेंथॅमचा पक्ष अधिक बळकट वाटतो. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं जन्मांत कधीं साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत पाऊल ठेवलें नसेल. पण घर भाड्यानें देतांना, बँकेंत ठेव ठेवितांना, मुलीचें नांव सात-बाराच्या उताऱ्यावर लावतांना आपण ज्या निश्चिंतपणानें सही करितों, तो निश्चिंतपणा कोठून येतो? समोरच्यानें शब्द मोडला तर त्यास विचारणारें कोणीतरी आहे, या विश्वासांतून. तो विश्वास उत्पन्न करणाऱ्या यंत्राचे आपण सर्व रोजचे गिऱ्हाईक आहों. तारखेस हेलपाटे घालणारा पक्षकार हा त्याचा एकटा गिऱ्हाईक नव्हे. विधि आयोगानेंही, मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालीं १९५८ सालीं सादर केलेल्या १४ व्या अहवालांत, न्यायदान हें राज्यानें उत्पन्नाचें साधन करूं नये असाच अभिप्राय दिलेला आहे.

परंतु या प्रश्नाचें खरें मूळ याहूनही खोल आहे. राज्यानें आपल्या प्रजाजनांपासून एक फार मोठी वस्तु काढून घेतलेली आहे: स्वतःचा न्याय स्वतः करण्याचा अधिकार. ज्यानें माझा बांध फोडला त्याचा बांध मीं फोडूं नये, ज्यानें माझे पैसे बुडविले त्याच्या गोठ्यांतील बैल मीं सोडून आणूं नये, असें राज्य मला बजावतें, आणि मीं तसें केलें तर मलाच शासन करतें. हें योग्यच आहे. त्यावांचून समाज टिकणार नाहीं. पण हा अधिकार राज्यानें घेतला तो दान म्हणून घेतला नाहीं, बदल्यांत कांहीं देण्याच्या वचनावर घेतला. 'तूं हात उचलूं नकोस, मी तुझें ऐकून घेईन' हें तें वचन. आतां ऐकून घेण्याची जागा जर इतकी दूर असेल, कीं तेथें पोंचेपर्यंत मनुष्य कर्जबाजारी व्हावा, किंवा इतकी तुंबलेली असेल, कीं त्याचें ऐकूं येईपर्यंत तो म्हातारा व्हावा, तर राज्यानें अधिकार घेतला पण मोबदला बुडविला असेंच म्हणावें लागेल. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे न्यायालय हें रस्ता किंवा बाग यांच्यासारखी ऐपत पाहून करावयाची सोय राहत नाहीं. तें राज्याच्या अंगावरील जुनें देणें ठरतें. आणि देणेकऱ्यानें 'सध्यां हात तंग आहे' असें म्हटल्यानें मुदत फार तर वाढते, देणें फिटत नाहीं.

आपल्या राज्यघटनेनेंही हें तत्त्व स्वीकारलें आहे. १९७६ सालीं तींत ३९-अ हा अनुच्छेद घालण्यांत आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळें कोणासही न्यायाची संधि नाकारली जाऊं नये, हा त्याचा आशय. पुढें २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें न्यायापर्यंत पोंचणें हा मूलभूत हक्कच असल्याचें सांगून त्याचीं चार अंगें मोजलीं: राज्यानें वाद मिटविण्याची परिणामकारक यंत्रणा उभारावी, ती अंतराच्या दृष्टीनें आवांक्यांत असावी, तिचें काम शीघ्र व्हावें, आणि ती पक्षकारास परवडावी. यांत अंतराचा स्पष्ट उल्लेख आहे हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप उरतात, आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, न्यायालय जवळ आलें म्हणजे भांडणें वाढतात. जो मनुष्य आज निमूट बसतो तो उद्यां वकील गांठतो. हें कांहीं अंशीं घडतें हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण जीं भांडणें वाढलेलीं दिसतात तीं सारींच नवीं असतात काय? दवाखाना निघाला म्हणजे गांवांत रोग वाढल्याचें दिसतें. वस्तुतः पूर्वीं लोक घरांतच कण्हत होते. नवऱ्यानें टाकलेली बाई पोटगी मागूं लागली, मजूर बुडालेली मजुरी मागूं लागला, तर तें भांडण आज जन्मलें असें नव्हे. त्यास आज वाचा फुटली. खोडसाळ दावेदार गांवोगांवीं असतात हें खरें; त्यांस खर्चाच्या हुकुमानें वठणीवर आणण्याची शक्ति न्यायाधीशाच्या हातीं आहे. त्यांना अडविण्यासाठीं अंतराची भिंत घालणें व्यर्थ आहे, कारण खोडसाळ मनुष्य सहसा सधन असतो आणि ती भिंत तो सहज ओलांडतो. आड राहतो तो दुसराच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जीं न्यायालयें आहेत त्यांतच न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या पडल्या आहेत. जिल्हा व तालुका न्यायालयांत मिळून चार कोटींवर प्रकरणें तुंबलेलीं आहेत. अशा वेळीं नव्या इमारती बांधण्यापेक्षां जुन्या खुर्च्या भरा, असें हा आक्षेप म्हणतो. यावर आमचें उत्तर असें कीं, हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच तो काटकसरीच्या बाजूनें वापरतां येत नाहीं. विधि आयोगानें १९८७ सालीं दर दहा लाख लोकसंख्येमागें न्यायाधीश ५० असावेत असें सुचविलें. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं तें गांठण्यास पांच वर्षांची मुदत घातली. आणि आजही मंजूर जागांचें प्रमाण त्याच्या निम्म्यावर आलेलें नाहीं. रिकामी खुर्ची आणि न बांधलेलें न्यायालय हीं एकाच टाळाटाळीचीं दोन रूपें आहेत. एकाकडे बोट दाखवून दुसरें क्षम्य ठरविणें बरें नव्हे.

तथापि या आक्षेपांतून एक गोष्ट निःसंशय शिकण्यासारखी आहे. फित कापण्याचा समारंभ करून, फलक लावून, न्यायाधीश मात्र आठवड्यांतून एक दिवस शेजारच्या तालुक्यांतून येणार, लघुलेखक नाहीं, बेलिफ नाहीं, अशा स्थितींत उघडलेलें न्यायालय हें न उघडलेल्यापेक्षांही वाईट. न उघडलेलें न्यायालय निदान खोटें बोलत नाहीं. अर्धवट न्यायालय पक्षकारास जवळ बोलावितें आणि तारीख देऊन परत पाठवितें. त्यानें तिजोरीचाही पैसा जातो आणि रयतेचाही. ग्रामन्यायालयांच्या बाबतींत अधिसूचना निघालेलीं अनेक न्यायालयें प्रत्यक्षांत सुरूच झालीं नाहींत. तेव्हां केंद्र सरकारनें पुढें असा नियम केला कीं, न्यायाधिकारी नेमून कामकाज सुरू झाल्यावरच साहाय्याची रक्कम द्यावी. हा नियम शहाणपणाचा आहे. मात्र त्याबरोबर ती रक्कम आजच्या वेतनाशीं सुसंगत करण्याचें शहाणपणही दाखविलें पाहिजे.

म्हणून नव्या न्यायालयाचा विचार करतांना तीन गोष्टी एकत्र मांडाव्यात असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. पहिली, त्याचा दहा वर्षांचा चालू खर्च आरंभींच जाहीर करावा, म्हणजे इमारतीच्या आनंदांत वेतनाचा विसर पडणार नाहीं. दुसरी, त्याच्या शेजारींच, तें न काढल्यास त्या टापूंतील पक्षकार, साक्षीदार व पोलीस यांच्या ज्या खेपा होत राहतील त्यांचाही अंदाज छापावा. आज एकच स्तंभ छापतात, म्हणून न्यायालय महाग दिसतें. तिसरी, जेथें कायमचें न्यायालय चालण्याइतकीं प्रकरणें नाहींत, तेथें न्यायाधीशानेंच ठरलेल्या वारीं जावें; ग्रामन्यायालयाच्या कायद्यांत ही तरतूद आहेच. एका न्यायाधीशानें एका गाडींतून जाणें हें शंभर पक्षकारांनीं शंभर ठिकाणांहून येण्यापेक्षां स्वस्त आहे, हें समजण्यास अर्थशास्त्राचें अध्ययन लागत नाहीं.

इतकें करूनही कांहीं ठिकाणीं दोन्ही स्तंभ मांडल्यावर न्यायालय न काढणें हेंच योग्य ठरेल. आणि तसा निर्णय झाला तर तो आम्ही मान्य करूं. शाळा, पाणी, दवाखाना यांचीही राज्याकडे मागणी आहे, आणि तिजोरी एकच आहे. आमचा आग्रह इतकाच कीं, असा निर्णय घेतांना 'आम्हीं इतके लाख वांचविले' असें कोणीं म्हणूं नये. 'इतका खर्च आम्हीं अमुक तालुक्यांतील अमुक लोकांवर सोपविला आहे' असें म्हणावें, आणि त्या लोकांच्या तोंडावर म्हणावें. तसें म्हणण्याचा धीर होत असेल तर निर्णय बहुधा बरोबर असेल. होत नसेल, तर पहिल्या तारखेची एस्‌. टी. पकडण्यासाठीं पहाटे फांट्यावर उभ्या असलेल्या त्या माणसांचें आपण अजून देणें लागतों, असें समजावें.